टर्बोची हवा

गाडीचे भाग एकमेकांशी भांडायचे, त्या काळातली गोष्ट. लाल गाडीच्या मालकाने सायलेन्सर काढून मोकळा पाइप लावला, हवेचा दाब म्हणजे बूस्टही वाढवला आणि टर्बोला शिंगं फुटली. घाटात तो इंजिनात हवा कोंबतच सुटला.

"पुरे रे मेल्या, माझे पिस्टन वितळतील!" इंजिनबाई खडखडत ओरडल्या. पण पाइपाच्या बोंबेत ती खडखड मालकाला ऐकू जाईना.

"म्हातारे, अजून एकच वळण!" टर्बो खिदळला. इंजिनबाईंना देव आठवला.

तेवढ्यात दोघांमधली रबरी नळी फटकन निसटली. टर्बोची सगळी हवा रस्त्यावर! पाइपाची बोंब बसली आणि मालकाला खडखड ऐकू आली.

संध्याकाळी सायलेन्सर परत बसला, बूस्ट उतरला. इंजिनबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. "नळे, वेळेवर निसटलीस गं!"

"निसटतेय कुठली! चांगली उडी मारली मी," नळी म्हणाली.