ताट हातात, आराखडा मंजूर!

बाहेरपेठेची विहीर बुजवायची आणि तिथे महाराजांचा हवामहाल बांधायचा, असं आराखड्यात ठरलं होतं!

आराखडा काही एकट्या महाराजांचा नव्हता बरं का! करंजगडचे राजे दर्पसेन लोकांना विचारल्याशिवाय वीटसुद्धा हलवत नसत. राजधानीत माणसं मावेनाशी झाली म्हणून वेशीबाहेर ही पेठ वसली होती. पुढच्या पंचवीस वर्षांत ती कशी वाढावी हे पेठेतल्याच लोकांनी ठरवावं, असा महाराजांचा हुकूम होता. त्यासाठी दर महिन्याला सभा भरे आणि आराखड्याचं एकेक पान एकमताने मंजूर होई. एकमताने! शेजारच्या राज्यांतले वकील हे बघून तोंडात बोटं घालत.

त्या एकमताची रीत अशी. सभेला आलेल्या प्रत्येकाला पितळेचं भलंमोठं ताट मिळे. त्यात जिलेब्यांची रास आणि काठोकाठ भरलेला मसाला दुधाचा वाडगा. ताट इतकं जड, की एक हात सुटला तर दूध सांडलंच! महाराजांनी पहिला घास घेतल्याशिवाय खायचं नाही. राजघरचं अन्न खाली ठेवायचं नाही, दुसऱ्याला धरायला द्यायचं नाही, थेंबभरही सांडायचं नाही. एवढं सगळ्यांना नीट समजलं, की प्रधान त्र्यंबकपंत मधाळ आवाजात विचारत, "ज्यांची हरकत असेल त्यांनी हात वर करावा!"

कोण करणार? मग महाराज घास घेत, पाट-चौरंग मांडले जात आणि लोक खाऊन घरी जात. असं करत करत पेठेचं कुरण महाराजांच्या घोड्यांना गेलं आणि बाजाराची जागा पंतांच्या मेव्हण्याला. जिलेबी मात्र चांगली असे, ते नाकारून चालणार नाही.

आता पाळी विहिरीची होती. हौसा कुंभारणीच्या कानावर ते आलं. पेठेत गोडं पाणी तेवढंच. ते गेलं तर नदी कोसभर लांब! पाण्यावाचून माती भिजायची कशी आणि चाक फिरायचं कसं? मडक्यांची पाटी दारात उतरवून ती थेट दरबारात शिरली.

"महाराज, सभेत हरकत घ्यायची कशी? दोन्ही हात ताटात अडकलेले!"

"मी कुणाचे हात बांधलेत का?" महाराजांनी मिशीला पीळ दिला. "नियम सगळ्यांना सारखे. ताट खाली न ठेवता, कुणाला न देता, थेंब न सांडता एकाचा जरी हात वर गेला, तर अख्खा आराखडा माझ्या हाताने फाडीन!"

"शब्द देता?"

"दिला! पण हात वर गेला नाही, तर विहिरीत मातीची पहिली पाटी तू टाकायचीस."

त्र्यंबकपंत खो खो हसले. "तिसरा हात कुठून आणणार गं?"

"आमच्याकडं माती हाय की पंत, घडवू एखादा!"

बोलायला बोलली खरी, पण बाहेर पडताना तिचं तोंड उतरलं होतं. पाटी डोक्यावर घेऊन, हात हलवत ती घराकडे निघाली. अर्ध्या वाटेत एकदम थांबली. आपल्या हलणाऱ्या हातांकडे बघितलं आणि भर रस्त्यात हसत सुटली! घरी न जाता ती पेठेतल्या दारोदार फिरली. बायकांना एवढंच सांगितलं, "उद्या सभेला पदराखाली चुंबळ बसवून या. हंड्याखाली घेतो तीच."

सभा भरली. ताटं वाढली. पंतांनी मधाळ आवाजात विचारलं, "ज्यांची हरकत असेल त्यांनी हात वर करावा!"

हौसाने ताट अलगद उचललं, डोक्यावर ठेवलं आणि दोन्ही हात वर केले. तिच्या मागे पेठेतल्या साऱ्या बायकांची ताटं डोक्यांवर चढली. जिकडे बघावं तिकडे बांगड्यांनी भरलेले हात! एका सोनारालाही चेव आला. त्याचं दूध मात्र पंतांच्या अंगरख्यावर गेलं.

"हे काय!" पंत किंचाळले. "हा राजघरच्या अन्नाचा अपमान आहे!"

"अपमान कसला? मानाची वस्तू आमी डोक्यावरच घेतो. पायाशी ठेवली असती तर बोला!"

"आणि दोन हात? माणशी मत एकच!"

"दुसरा हात सासूबाईंचा. त्यास्नी यायला जमलं न्हाई. विहीर हाय तंवर पानी भरून घेते म्हनाल्या!"

महाराजांचा चेहरा लालबुंद झाला होता. "चार पावलं चालून दाखव!" ते गरजले. हौसा चालली. गिरकी घेऊन परत आली. दुधावरची सायसुद्धा हलली नाही.

"कुठे शिकलीस हे?"

"पुरतं कुठं शिकलेय, महाराज? विहीर जवळच हाय. पन तुमच्या आराखड्यानं आमच्या डोक्यावर कोसभर लांबचं पानी ठेवलंय. पंचवीस वर्सं वाहायचंय, म्हटलं आतापासून जरा सराव करावा!"

 मग महाराजांनी स्वतःचं ताट उचलून डोक्यावर ठेवलं. एक पाऊल टाकलं मात्र, दूध मुकुटावरून मिशीत आणि मिशीतून दाढीत! महाराज पोट धरधरून हसले, आणि ओल्या हातांनीच त्यांनी आराखडा टराटरा फाडला.

हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाला दिलं. "आणखी काय हवं ते माग!"

"पुढच्या सभेत आधी विचारा, महाराज, मग वाढा."

"आणि तुम्ही 'नको' म्हणालात तर?"

"तरी वाढा!" हौसा म्हणाली. "जिलेबी झ्याक असती!"

महाराज पुन्हा हसले, इतके की सिंहासनाचा हात धरून बसावं लागलं. पुढच्या सभेला वाढपी म्हणून त्यांनी त्र्यंबकपंतांनाच नेमलं.