हौसाबाईची डबी

“मग कॅन्सर होणार की नाही होणार? एक काय ते सांग,” बाईंनी विचारलं.

शलाका तयारच होती.

“आत्ता कॅन्सर नाही, बाई. त्याच्या आधीची पायरी आहे. योनिमुखाच्या कातडीवरचा चट्टा आपण काढला, पण तो परत येऊ शकतो. पुढचं सगळं वयावर आहे, विषाणूवर आहे, कातडीच्या जुन्या आजारावर आहे, प्रतिकारशक्तीवर आहे. आणि तंबाखूवर. पण हौसाबाई विडी ओढत नाही, मी विचारलंय.”

“झालं?”

“झालं.”

“एक राहिलं.”

शलाकानं बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं...

डॉ. रेंदाळकरांना तालुक्याच्या त्या रुग्णालयात सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. शलाका सुवर्णपदक मिळवून त्यांच्या हाताखाली शिकायला आली होती. पोरगी हुशार होती, आणि ते तिला जरा जास्तच ठाऊक होतं. बाईंचा तरीही तिच्यावर फार जीव होता.

एवढ्यात हौसाबाई गाठोडं घेऊन दारात आली. घरी जायचा दिवस होता. ती उभीच राहिली.

“परत तपासायला यायचं बरं का,” शलाका कागदावरची नजर न काढता म्हणाली. “इतकी वर्षं खाज अंगावर काढलीत. काय झोपा काढत होतात?”

“लाज वाटायची, ताई...”

“लाजेपायी जीव जाईल एक दिवस.”

हौसाबाईनं मान खाली घातली.

“यीन की,” ती म्हणाली.

ही काही येत नाही, हे खोलीतल्या तिघींनाही कळलं. मग चट्टा परत आला, तरी तो वेळेत कुणाला दिसणार नव्हता.

बाई उठल्या. आपली खुर्ची त्यांनी हौसाबाईपुढे सरकवली आणि स्वतः स्टुलावर बसल्या.

“हौसाबाई, मिसरी लावता न्हवं?”

हौसाबाई लाजून हसली. दात काळेभोर. कमरेच्या पिशवीतून तिनं पितळेची एक डबी काढली. तंबाखू भाजून केलेली ती पूड बायका रोज दाताला लावतात, आणि तिला तंबाखू कुणीच म्हणत नाही. शलाकानं कपाळाला हात लावला.

“मालकांनी आणल्याली जत्रंतनं,” हौसाबाई डबी कुरवाळत म्हणाली. “मालक गेलं. डबी ऱ्हायली.”

बाईंनी डबी मागून घेतली. मिश्री कचऱ्यात झटकली आणि रिकामी डबी शलाकाच्या हातावर ठेवली.

“ही आता या पोरीपाशी राहील. दिवाळी झाली की न्यायला या.”

“आवं बाई, माजी डबी!”

“तुमचीच आहे. जपेल ती.”

हौसाबाई शलाकाकडे बघत राहिली. शलाकानं पहिल्यांदाच तिच्या नजरेला नजर दिली.

“जपीन, मावशी...” ती म्हणाली.

दिवाळी झाली.

शलाकानं डबी चिंच लावून लख्ख घासली होती. टेबलाचा खण ती सारखा उघडून बघायची. दारात कुणी आलं की उठून उभी राहायची. तुळशीचं लग्नही उरकलं, तरी हौसाबाईचा पत्ता नव्हता.

“मी तशी बोलले, म्हणून नाही ना येत ती?” तिनं एकदा बाईंना विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

बाईंनी तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

एका सकाळी शलाका पुस्तकांची चळत घेऊनच बाईंच्या खोलीत आली.

“सगळी पुन्हा वाचली, बाई. वय, विषाणू, प्रतिकारशक्ती, तंबाखू. तेच ते. हरले मी. राहिलेलं ते एक काय, सांगा ना.”

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

“बाहेर बाकावर बसलंय,” त्या म्हणाल्या. “डबीवाली पोरगी कुठाय, म्हणून विचारतंय. जा.”