टोपी पास झाली

बड्या पोलीस अधिकाऱ्यांना सचोटी शिकवायचं काम कुमुदिनीबाई गारगोट्यांकडे आलं आणि पहिल्याच दिवशी पुढच्या खुर्चीत साहेबांऐवजी त्यांची टोपी येऊन बसली. उपमहानिरीक्षक रणपिसेसाहेबांनी ती शिपायाकरवी पाठवली होती. आठवडाभर टोपी बसली, बाई शिकवत राहिल्या. चहा आला की टोपीपुढेही कप ठेवला जाई.

शेवटच्या दिवशी साहेब मिशीला पीळ देत उगवले. वर्ग पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रावाचून त्यांची बढती अडली होती.

"मॅडम, जिथं माझी टोपी, तिथं मी. सगळा जिल्हा तिला सलाम ठोकतो. म्हणजे मी रोज हजर होतो! प्रमाणपत्र द्या, नाहीतर उद्यापासून तुमचा वर्ग बंद!"

बाईंनी उठून टोपीला कडक सलाम ठोकला.

"तयार आहे साहेब, पण टोपीच्या नावानं. आठवडाभरात ती एकदाही खोटं बोलली नाही, कुणाला धमकावलं नाही. तुम्ही मात्र आल्या आल्या दोन्ही उरकलंत."

पुढच्या वर्गाला रणपिसेसाहेब स्वतः आले आणि बोडक्या डोक्यानं मागच्या बाकावर बसले. टोपी बाईंच्या शेजारी टेबलावर होती. ती आता शिकवायला होती.