बिनपात्यांचा पंखा

घरातल्या वस्तू आपापसांत बोलत, तेव्हाची गोष्ट. अंथरुणाला खिळलेल्या अनसूयाबाईंच्या खोलीत बिनपात्यांचा नवा पंखा आला. खडखडणाऱ्या जुन्या पंख्याने त्याला विचारलं, "बाईंच्या पलंगापर्यंत तुझा वारा पोचेल ना रे?"

"खोक्यावरच लिहिलंय, खोलीभर वारा आणि आवाज नाही," नवा ऐटीत म्हणाला.

जुना निश्चिंत मनाने भंगारात गेला.

वैशाखात नव्याने सगळा जोर लावला. आवाज घरभर घुमला, पण वारा पलंगाच्या पायथ्याशीच विरला. जुन्याला हाक मारावी, तर तो आता कुठे होता?

"आई, बरं वाटतंय ना?" मुलीने हौसेने विचारलं.

"हो गं, छान गार वाटतंय," अनसूयाबाई म्हणाल्या. मुलीची पाठ वळल्यावर त्यांनी पदराने मानेवरचा घाम टिपला.

पंख्याने ते पाहिलं आणि तो नुसताच घुमत राहिला.