हाकेला उठणारा मसू कोष्टी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती ते विचारू नका. माझ्या पणजोबाला ती त्याच्या आजीनं सांगितली होती, आणि आजी म्हणायची, मी परकरी पोर होते तेव्हाही ती जुनीच होती.

तेव्हा मोरघळ गावात मसू कोष्टी नावाचा एक पैलवान होता. पैलवान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं रेड्यासारखा गडी उभा राहिला असेल, तर त्याला आधी घरी पाठवा. मसू म्हणजे नुसती काडी. दिवसभर मागावर बसून लुगडी विणायची आणि दोन वेळची भाकरी कशीबशी खायची. त्याला कुठलं दूध आणि कुठले बदाम! पण डोक्यात कुस्तीचं खूळ. तालमीत गेला तेव्हा हसन वस्ताद त्याच्याकडं बघून म्हणाले, "लेका, अंग झटकलंस तर हाडं खाली पडतील. जा, आपला माग बघ." मसू गेला नाही. तो तालीम झाडायला लागला, आखाड्यातली तांबडी माती उकरायला लागला, तिच्यात ताक आणि हळद कालवायला लागला, आणि आसपास कुणी नसलं की तालमीच्या खांबाशीच झोंबायला लागला. शेवटी वस्तादच कंटाळले आणि म्हणाले, "बरं बाबा, कस लंगोट."

चैत्रात म्हसोबाची जत्रा भरायची आणि तिथं कुस्त्यांचं मैदान व्हायचं. मसूची पहिली कुस्ती नारळावरची, म्हणजे पोराटोरांची. जोडीदारानं त्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली घेतलं आणि त्याच्या पाठीवर बसला. लोक पोट धरून हसले. पण पालथा पडलेला मसू काही उताणा होईना. गड्यानं मान पिळली, पाय मुरगाळले, तरी हा गोचिडीसारखा मातीला चिकटलेला. लोक हसून हसून दमले. मग गर्दीतून कुणीतरी, दया आली म्हणून म्हणा की टिंगल म्हणून म्हणा, ओरडलं, "ऊठ की रं मसू!" दुसरा ओरडला, तिसरा ओरडला, मग सगळं मैदानच ओरडायला लागलं. आणि मसू उठला. पाठीवरच्या गड्यासकट उठला, आणि त्याला असा आपटला की धुरळा खाली बसेपर्यंत कोण चीत झालं ते कुणाला कळलंच नाही.

नारळ छातीशी धरून मसू रडला. मग मातीवर हात ठेवून, म्हसोबाच्या साक्षीनं म्हणाला, "माझ्या अंगात बळ न्हाई. ते तुमच्या हाकंत हाय. तुमी हाक मारा, मी उठतो. कवाबी मारा." शब्द द्यावा बाबांनो, पण मापानं द्यावा. त्यानं मापानं दिला नाही.

असं म्हणतात, की त्यानंतर बारा वर्षं मसूची पाठ कुणी मातीला लावली नाही. प्रत्येक कुस्तीत तो खाली जायचा, प्रत्येक कुस्तीत लोक हाक मारायचे, आणि प्रत्येक कुस्तीत तो उठायचा. त्याचं मैदान असलं की दहा-दहा कोसांवरून बैलगाड्या जुंपून माणसं यायची. का येणार नाहीत? भावकीनं दाबलेला, दुष्काळानं दाबलेला, पाटलानं दाबलेला जो तो मसूच्या जागी स्वतःला बघायचा. तो उठला की ह्यांचीही छाती भरून यायची. लोकांनी त्याच्यावर जीव टाकला. इतका की सख्ख्या भावावर टाकला नसेल.

त्याचं मोल काय पडतं ते एकटी धुरपा जाणत होती. धुरपा म्हणजे मसूची बायको. कुस्ती मारून आला की मसू तीन दिवस मागाच्या खड्ड्याशेजारी पडून राहायचा. बोलायचा नाही, जेवायचा नाही, आणि अंग विहिरीच्या तळच्या पाण्यासारखं गार. तिशीतच त्याचं डोकं पांढरं झालं. धुरपा म्हणायची, "अवं, आता पुरं करा." तो म्हणायचा, "हाक आल्यावर घरात कसा बसू?" ती म्हणायची, "त्यांनी हाक मारली की उठता. मी मारते तवा वळूनबी बघत न्हाई!" मग दोघंही हसायची, पण तिचं हसू लवकर विझायचं.

तेराव्या वर्षी नदीपल्याडच्या धामणखेडनं आपला भैरू नावाचा मल्ल आणला. दोन्ही गावांत मिळून चांदीची एक गदा होती, शेवटची कुस्ती जिंकेल त्या गावाच्या देवळात ती वर्षभर राहायची. भैरूनं मसूला दुपारी खाली घेतलं ते उन्हं कलली तरी सोडलं नाही. मध्येच ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. जवळच्यांना तो ऐकू आला. वस्तादांनी वाकून बघितलं तर मसूचे डोळे उघडे होते आणि पापण्यांवर माती पडत होती तरी ते मिटत नव्हते. वस्ताद "थांबा, थांबा" म्हणून ओरडले, पण त्या कल्लोळात ऐकतो कोण! हजार माणसं एका तोंडानं ओरडत होती, "ऊठ मसू! ऊठ मसू!"

आणि मसू उठला.

भैरू पुढं म्हातारा होईपर्यंत सांगायचा, की मला ज्यानं उचललं त्याच्या अंगाला घाम नव्हता आणि त्याची छाती हलत नव्हती. भैरू चीत झाला. लोकांनी मसूला फेटा बांधला, खांद्यावर घेतला, हलगीच्या तालावर गावातून मिरवला. त्याची मान डुलत होती, लोकांना वाटलं आनंदानं डुलतोय. दारात आणून उतरवला तेव्हा धुरपानं ओवाळायच्या आधी त्याच्या गालाला हात लावला. तिच्या हातातलं ताट खाली पडलं. ती म्हणाली, "कुणाला मिरवताय? ह्ये दुपारीच गेल्यात."

नदीकाठी मसूला जाळला. सबंध मोरघळ ढसाढसा रडलं. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्या लोकांना शिव्या घालाल.

वर्ष फिरलं. पुन्हा जत्रा, पुन्हा धामणखेडशी शेवटची कुस्ती. मोरघळकडून शिदू नावाचा नवा गडी उतरला आणि घटकाभरात खाली गेला. माणसाला सवय वाईट. कुणाच्या तरी तोंडातून गेलं, "ऊठ मसू!" आजूबाजूचे चपापले. आणि हलगी वाजवणाऱ्याचा हात आपोआप थांबला, कारण शिदूच्या अंगाखालची माती हलत होती. शिदू वर आला. तो उठला नाही, त्याला खालून कुणीतरी उचललं. धामणखेडचा गडी पांढराफटक पडून उताणा झाला. पुढं शिदू आठ दिवस घोंगडीत कुडकुडत होता, आणि त्याच्या पोटावर तांबड्या मातीचे दोन पंजे उमटले होते, घासूनही न जाणारे.

आता शहाण्या गावानं काय करावं? घाबरावं. मोरघळ आधी घाबरलं, मग म्हणालं, बघा, आमचा मसू आम्हाला सोडून जात नाही! दुसऱ्या वर्षी हाक मारली. तिसऱ्या वर्षीही मारली. गदा हलेना. तालमीतली पोरं जोर-बैठका मारायची सोडून मिशांना पीळ भरत बसायला लागली. खाली गेलं तरी काय बिघडतं, मसू हाय की! आयत्या पिठावर रेघोट्या.

धुरपाच्या घरी मात्र दरसाल जत्रेच्या दिवशी, दिवेलागणीला, उंबऱ्याबाहेर कुणीतरी येऊन बसायचं. दिसायचं काही नाही. लांबून पळत आलेल्या माणसासारखी धाप ऐकू यायची, आणि अंगणात तांबड्या पावलांचे ठसे. धुरपा भ्यायली नाही. आपल्या माणसाला कोण भितं? पूर्वी तो कुस्तीवरून आला की ठेवायची तशीच ती ऊन पाण्याची घागर आणि तेलाची वाटी बाहेर ठेवायची. सकाळी पाणी गढूळ तांबडं झालेलं असायचं. पण दरवर्षी ती धाप वाढत गेली. चौथ्या वर्षी धापेतून शब्द आला. मसूचाच आवाज, पण फार खोलातून आल्यासारखा. "धुरपे, मला झोपू देईनात गं."

 सकाळी ती थेट चावडीवर गेली. पाटील होते, वस्ताद होते, गाव होतं. म्हणाली, "माझ्या माणसाला झोपू द्या. त्याला हाक मारू नगा."

पाटील म्हणाले, "धुरपावैनी, आम्ही काय वाईट करतोय का? मायेनंच हाक मारतो."

"मायेनं मारता म्हणूनच त्याला उठाया लागतंय," धुरपा म्हणाली. "वैऱ्यानं मारली असती तर पडून राहिला असता."

सगळ्यांनी कबूल केलं. नाही मारणार म्हणाले, म्हसोबाची शपथही घेतली. आणि पुढच्या जत्रेत शिदू खाली गेल्याबरोबर पुन्हा सगळे बेंबीच्या देठापासून ओरडले! त्या दिवेलागणीला अंगणात पावलांचे ठसे नव्हते. तांबड्या मातीचा, कुणीतरी सरपटत आल्याचा माग होता. तो उंबऱ्यापर्यंतसुद्धा पोचला नव्हता.

सहाव्या वर्षी धुरपा स्वतः मैदानात आली. त्या काळी बायका मैदानाला पाय लावत नसत. ती गर्दीतून वाट काढत पुढं गेली आणि मातीच्या कडेला मांडी घालून बसली. तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही. शेवटची कुस्ती लागली. शिदू खाली गेला. हजार तोंडं उघडली.

धुरपा उठून उभी राहिली. ओरडली नाही, हात जोडले नाहीत. गोल फिरून एकेकाच्या डोळ्यांत बघत राहिली. हसन वस्तादांची नजर तिच्या नजरेला भिडली. वस्ताद तेव्हा थकलेले, उभ्या आयुष्यात त्या गदेवाचून त्यांना दुसरं काही नको होतं. हाक अगदी दातांपर्यंत आली होती. त्यांनी आपल्या फेट्याचा शेमला ओढला आणि तोंडात कोंबला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण दात सोडले नाहीत. ते बघून शेजारच्यानं उपरणं तोंडात घातलं. मग त्याच्या शेजारच्यानं. पाटलांनी सर्वांत शेवटी. असं म्हणतात, की बघता बघता सगळं मैदान तोंडात कापड धरून बसलं. हलगीवाल्यानं हलगी पोटाशी घट्ट धरली. धामणखेडच्या लोकांचीही वाचा बसली.

आणि त्या शांततेत लोकांना मातीखालून धाप ऐकू आली. पळणाऱ्या माणसाची धाप. शिदूच्या अंगाखालची माती एकदा वर आली, जणू कुणी कान देऊन हाकेची वाट बघत होतं. हाक आली नाही. माती खाली बसली. पुन्हा थोडी वर आली, पुन्हा बसली. धाप मंदावली, मग लांब झाली, मग झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी एका लयीत येऊ लागली.

शिदूला ती अगदी कानाशी ऐकू येत होती. त्यानं एकट्यानं उठायचा प्रयत्न केला, जीव तोडून केला. पण पाच वर्षांत जोर मारले असते तर ना! त्याची पाठ मातीला लागली. मोरघळ हरलं. गदा नदीपल्याड गेली. कुणी टाळी वाजवली नाही, जिंकणाऱ्यानं शड्डू ठोकला नाही.

धुरपा मातीत उतरली. जिथं माती हलत होती तिथं बसली आणि तान्ह्या लेकराला थोपटावं तशी थोपटत राहिली, श्वास ऐकू येईनासा होईपर्यंत.

मोरघळला अजून जत्रा भरते. सकाळपासून दंगा असतो, शिट्ट्या असतात, भोंगा असतो, आईस्क्रीमची गाडीसुद्धा असते. पण शेवटची कुस्ती लागायच्या आधी भोंगा बंद होतो आणि माणसं रुमाल, टॉवेल, पदराचं टोक, हाताला येईल ते कापड दातांत धरतात. बायका आता पुढच्या रांगेत बसतात. मोरघळचा गडी खाली गेला तर त्याचा त्यानं उठायचं, नाहीतर हरायचं. म्हणून तिथली पोरं पहाटेपासून जोर मारतात, आणि गदा कधी इकडं असते, कधी तिकडं. गावात कुणी पोराचं नाव मसू ठेवत नाही. पोरांना झोपेतून जागं करतानाही "ऊठ" म्हणत नाहीत, नुसतं हलवतात.

कुस्ती सुटली की कोष्ट्याच्या घरची थोरली सून मातीत उतरते आणि चार वेळा हलक्या हातानं थोपटते. मग सगळं मैदान उठतं, आपापल्या चपला काढून हातात घेतं, आणि पावलांचा आवाज होऊ न देता घरी जातं.