चंद्रावरची सावली

कोष्ट्यांची पोटुशी सून भागू दरबारात उभी होती. चंद्रग्रहणात गरोदर बाईने विळीला हात लावायचा नसतो आणि हिने तर खोकणाऱ्या सासूच्या काढ्यासाठी आलं चिरलं होतं. राजज्योतिषी कडाडले, "हिच्या पापाने चंद्र काळवंडला, महाराज! हिला गावाबाहेर काढा."

भागूने हात जोडले. "शास्त्रीबुवा, चंद्राला झाकतं तरी काय?"

विद्वत्ता मिरवायची संधी शास्त्रीबुवा कशी सोडतील! "अगं, पृथ्वी मध्ये येते आणि तिची सावली चंद्रावर पडते. साधं गणित आहे!"

"मग त्या पृथ्वीवर मी होते, तसे तुम्हीही होतात, महाराजही होते. गावाबाहेर मी एकटीनेच का जायचं?"

शास्त्रीबुवा पंचांगाची पानं उलटू लागले.

भागू पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "चंद्र रागावला नाही, महाराज. सगळ्यांची सावली घटकाभर अंगावर घेतली आणि पुन्हा माझ्याच अंगणात चांदणं सांडलं."

राजाला आपली लेक आठवली. बाळंतपणाला माहेरी आलेली ती पोर ग्रहणभर अंधाऱ्या खोलीत रडत बसली होती.

"भागू," तो म्हणाला, "संध्याकाळी वाड्यावर ये. माझ्या लेकीला अंगणात आण आणि तिला चंद्र दाखव."