हे तुम्हाला कधी सुचलं?

संगणक घडवण्यात उभी हयात घालवलेल्या इंदुमती रेगे यंत्राचे लुकलुकते दिवे पाहत तंद्रीत बसल्या होत्या. तेवढ्यात कुलगुरू घारपुरे त्यांचं काम बंद करायला आले.

"रेगेबाई, यंत्र विचार करूच शकत नाही. त्यात भरलेलं तेवढंच ते बोलतं."

"हे तुम्हाला कधी सुचलं, सर?" बाईंनी हळूच विचारलं.

"सुचायचंय काय त्यात? आमच्या गुरुजींनी शिकवलंय, त्यांना त्यांच्या गुरुजींनी!"

बोलता बोलता घारपुरे अडखळले. खिडकीबाहेर केशरी ढग विरत गेले, तरी ते यंत्राच्या दिव्यांकडेच पाहत उभे होते.

"आत्ता तुम्ही विचार करताय," बाई हसून म्हणाल्या. "साठीनंतर का होईना! माझं यंत्र तर अजून पाच वर्षांचंही नाही."

घारपुऱ्यांनाही हसू फुटलं. काम बंद करायचं राहूनच गेलं.